पोराला प्रो बॉक्सिंगची ऑफर आलीय, सही करू का?

पत्र (थोडं लहान करून देतोय, नाव-गाव काढलंय):

"नमस्कार सर. आम्ही निफाड तालुक्यातले, चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा २२ वर्षांचा, नाशिकला पंचवटीत मामाकडे राहून सहा वर्षं बॉक्सिंग करतोय. राज्याला दोनदा गोल्ड, नॅशनलला एकदा क्वार्टरपर्यंत गेला. आता एका प्रमोटरने प्रोफेशनलची ऑफर दिलीय. पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला तीन फाइट, सही केली की दोन लाख लगेच. पहिली फाइट दुबईला, चार राउंडची, साठ हजार. मॅनेजर तेच देणार, त्याचे तीस टक्के. शुक्रवारपर्यंत सही करा नाहीतर दुसऱ्या मुलाला देतो म्हणतात. मुलगा म्हणतो करून टाका. त्याची आई म्हणते पोलीस भरतीचं बघा. मला त्या इंग्रजी कागदातलं काही कळत नाही, चौदा पानं आहेत, फोटो पाठवलेत. जास्त मागितलं तर ऑफर जाईल का? आणि मोठ्या फाइटचा आपल्या कांद्यासारखा लिलाव होतो म्हणतात ते खरं आहे का?"

काका, नमस्कार.

चौदाही फोटो झूम करून दोनदा वाचले. पहिलं सांगतो म्हणजे आज रात्री झोप तरी लागेल, शुक्रवारी सही करायची नाही. प्रमोटर खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, चांगलाही असेल, पण चौदा पानांचा इंग्रजी कागद हातात द्यायचा आणि मुदत चार दिवसांची द्यायची, म्हणजे तो कागद तुम्ही कोणाला दाखवायला जाऊ नये अशी सोय झाली. त्याला मुलगा खरंच हवा असेल तर पुढच्या शुक्रवारीही हवाच असणार. सहा वर्षं घासून तयार झालेलं पोरगं आठवड्यात शिळं होत नाही, ते काय द्राक्ष नाही की आज काढलं नाही तर उद्याच्या पावसात मणी तडकतील.

आणि तुम्ही बागायतदार आहात म्हणून हे सगळं तुम्हाला सांगणं मला सोपं जाणारे. व्यापारी बागेत येतो, मणी दाबून बघतो, भाव बोलतो, ईसार हातावर ठेवतो. तेव्हा तुम्ही नुसता भाव ऐकून हो म्हणता का? काढणी कोणत्या तारखेला, माल निवडणार कोण, वजन कोणाच्या काट्यावर, पैसे रोख की पंधरा दिवसांनी, आणि अर्धी बाग काढून झाल्यावर "माल नरम आहे, पाच रुपये कमी करा" असं म्हणाला तर काय करायचं, हे सगळं डोक्यात असतं ना. निफाड-दिंडोरीत व्यापारी पैसे बुडवून कसे पसार होतात ते तुम्हाला मी काय सांगणार. तर साठ हजार हा भाव झाला, आणि बाकी तेरा पानं म्हणजे काटा, काढणी आणि पेमेंट. तुम्ही पत्रात भाव विचारलाय, मी जास्त त्या तेरा पानांवर बोलणार आहे.

तुमच्याकडे एक कागद आलाय असं तुम्हाला वाटतंय पण ते तीन कागद आहेत, एकत्र स्टेपल केलेले. पहिली नऊ पानं प्रमोशनल ॲग्रीमेंट, म्हणजे पुढची पाच वर्षं तुमचा मुलगा कोणाच्या शोमध्ये लढणार ते. दहा ते बारा मॅनेजमेंट ॲग्रीमेंट, म्हणजे त्याच्या वतीने बोलणार कोण आणि त्याचे किती टक्के. तेरा-चौदा बाउट ॲग्रीमेंट, म्हणजे फक्त त्या दुबईच्या एका फाइटचं. तिघांच्या सह्या वेगवेगळ्या, तिघांचं निगोशिएशन वेगळं. तुम्ही फक्त शेवटच्या दोन पानांवर सही करून, एक फाइट करून, माणूस कसा आहे ते बघून मग पाच वर्षांचं बोलू असं म्हणू शकता. बरेच जण तसं करतात, त्यात मागणाऱ्याचा अपमान नाही.

आता पान दहा. मॅनेजर म्हणून ज्याचं नाव आहे त्याचा आणि प्रमोटरचा ऑफिसचा पत्ता एकच आहे, तुमच्या लक्षात आलं का? मॅनेजरचं काम काय असतं, प्रमोटरकडून तुमच्या मुलासाठी जास्तीत जास्त पैसे काढणं. प्रमोटरचं काम, कमीत कमी पैशात शो उभा करणं. दोघं एकाच टेबलवर जेवत असतील तर तुमच्या मुलाच्या बाजूने बोलणार कोण? बाजार समितीत तुमचा अडत्याच खरेदीदार निघाला तर कसं वाटेल तसं. अमेरिकेत याच कारणासाठी २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा झाला, त्यात प्रमोटर आणि मॅनेजर यांचे पैशांचे हितसंबंध एकमेकांत नकोत असं आहे आणि प्रमोटरने फाइटमधून स्वतः किती कमावतोय ते बॉक्सरला सांगायचं असंही आहे. आपल्याकडे प्रो बॉक्सिंगसाठी असा वेगळा कायदा नाही, इंडियन बॉक्सिंग काउन्सिल लायसन देतं, पण कागदातल्या अटी तुमच्या तुम्हालाच सांभाळायच्यात. माइक टायसनसारख्या माणसाने १९९८ मध्ये स्वतःच्या प्रमोटरवर, डॉन किंगवर, १०० मिलियन डॉलरचा दावा लावला आणि २००४ मध्ये १४ मिलियनवर मिटवला. जगातला सगळ्यात भीती वाटावी असा बॉक्सर, आणि त्याचेच पैसे गेले कुठे म्हणून कोर्टात जावं लागलं.

तीस टक्क्यांबद्दल. इंग्लंडमध्ये मॅनेजरचे साधारण २५ पर्यंत, अमेरिकेत काही राज्यांत एक तृतीयांशपर्यंत चालतात, म्हणजे तीस हा आकडा ऐकून लगेच चोर म्हणता येत नाही. पण ते ३० टक्के ग्रॉसवर लिहिलेत, खर्च वजा करायच्या आधी, आणि इथे मी कागद-पेन घेऊन बसलो. साठ हजारातले मॅनेजरचे १८ हजार, कोचचे रीतीप्रमाणे दहा टक्के म्हणजे ६ हजार, राहिले ३६. पान सहावर लिहिलंय की मेडिकल, लायसन आणि कोचचं तिकीट बॉक्सरने करायचं. मेडिकल म्हणजे नुसतं बीपी नाही, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या ब्लड टेस्ट, डोळे, मेंदूचा स्कॅन, असं सगळं लागू शकतं. फाइटमागे ३० हजार धरा. हातात ६ हजार. दोन महिने कॅम्प, खुराक, मामाच्या घरचं राहणं, आणि ६ हजार.

आणि ते दोन लाख? पान चारवर खालून तिसऱ्या ओळीत एक शब्द आहे, रिकूपेबल. म्हणजे ही बक्षिसी नाही, उचल आहे. तुमच्याकडे तोडणी कामगाराला मुकादम उचल देतो ना, तश्शी. ते मुलाच्या पुढच्या पर्समधून, म्हणजे फाइटच्या मानधनातून, कापून घेणार. वर्षाला तीन फाइट, साठ हजाराप्रमाणे १ लाख ८० हजार, म्हणजे पहिलं पूर्ण वर्ष एकही पर्स हातात पडणार नाही आणि वर २० हजार देणं राहणारच. तेवढ्यावर थांबत नाही, कारण मॅनेजरचे ३० टक्के ग्रॉसवर आहेत, ते तर द्यावेच लागणार, तीन फाइटचे ५४ हजार, कोचचे १८, खर्चाचे ९०. दोन लाखातून हे गेले की उरतात ३८ हजार. एका वर्षाचे. मुलाला हे गणित मोबाइलवर नको, कागदावर मांडून दाखवा, आकडे त्याला स्वतःला लिहू द्या.

आता वर्षाला तीन फाइट हे वाक्य. कागदात "देईन" असं लिहिलेलं नाहीये काका, "ऑफर करेन" असं आहे. फरक केवढा ते बघा. त्याने गुरुवारी फोन करून सांगितलं की पुढच्या शनिवारी अमुक ठिकाणी फाइट आहे, समोरचा दोन वजनं मोठा आहे, आणि मुलगा नाही म्हणाला, तर त्याच्या वहीत एक फाइट ऑफर केली गेली, जबाबदारी संपली. अशा तीन झाल्या की वर्ष पूर्ण. म्हणून तिथे असं लिहून घ्यायचं की ऑफर लेखी हवी, किमान सहा आठवडे आधी, त्यात तारीख, जागा, वजन, राउंड, प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि पर्स सगळं हवं, आणि सहा महिन्यांत एकही फाइट प्रत्यक्ष झाली नाही तर मुलगा मोकळा. हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळ्या कागदातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि का ते सांगतो.

२०१७ मध्ये मी स्वतः एका प्रमोटरबरोबर तीन वर्षांची सही केली होती, नाव घेणार नाही. सही नाशिकरोडला एका हॉटेलात झाली, हार घातला, फोटो काढले, घरी पेढे वाटले. त्यानंतर चौदा महिने एकही फाइट नाही. दर महिन्याला पुढच्या महिन्यात. दरम्यान दुसऱ्या एकाने बँकॉकला सहा राउंडची फाइट देऊ केली तर याने नोटीस पाठवली की तू एक्सक्लुझिव्ह आमचा आहेस. मी सव्वीसचा होतो, सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडला पळायचो आणि दिवसभर फोनकडे बघायचो. मारहाणीत जेवढं शरीर झिजलं नाही तेवढं त्या वाट बघण्यात मन झिजलं. माझ्या कागदात फाइट नाही झाली तर मोकळा हे वाक्य नव्हतं, कारण मी मागितलंच नव्हतं, मागायचं असतं हेच कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी हे कागद वाचायला शिकलो आणि म्हणून आता तुमच्यासारख्यांचे फोटो झूम करून बघतो.

पाच वर्षांचं पण तेच. पाच नाहीत ते. पान सातवर आहे की दुखापत झाली, लायसन थांबलं किंवा मुलाने फाइट नाकारली तर तेवढे दिवस मुदत पुढे सरकणार, आणि पाच संपल्यावर अजून दोन वर्षं वाढवायचा हक्क फक्त प्रमोटरला. बावीसचा पोरगा एकोणतीस-तीसचा होईल. बॉक्सरची कमाईची वर्षं तेवढीच असतात. आणि हे एकतर्फी आहे, कारण त्याच पानावर लिहिलंय की मुलगा एक फाइट हरला तर प्रमोटर कॉन्ट्रॅक्ट तोडू शकतो. तो कधीही उठून जाऊ शकतो, मुलगा नाही. एका बाजूने उघडणारं दार आहे हे.

दोन वर्षं किंवा सहा फाइट, जे आधी होईल ते, असं मागा. तो तीन वर्षं म्हणेल. तीनवर या हवं तर, पण वाढवायचा हक्क असेल तर त्यात पर्स किती वाढणार ते आत्ताच लिहा. बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने २००६ मध्ये टॉप रँक या प्रमोटर कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टमधून बाहेर पडायला साडेसात लाख डॉलर भरले आणि त्यानंतर तो स्वतःचा मालक झाला, पुढचं सगळ्यांना माहितीये. पण त्याच्या कागदात बाहेर पडायची किंमत लिहिलेली होती म्हणून तो ती भरू शकला. तुमच्या कागदात किंमतच लिहिलेली नाहीये. काहीतरी आकडा टाकून घ्या, उचल परत केली की मोकळा एवढं जरी झालं तरी चालेल.

पान आठवर अजून एक आहे, मुदत संपल्यावरही पुढे वर्षभर कोणाचीही ऑफर आली तर आधी यांना दाखवायची आणि यांनी तेवढेच पैसे दिले तर यांच्याकडेच राहायचं. यावर तुम्हाला घरचं उदाहरण देतो, श्रीरामपूरचा झहीर खान. त्याचं एका स्पोर्ट्स मार्केटिंग कंपनीबरोबर तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट होतं, त्यात असंच कलम होतं, तो दुसरीकडे गेला, कंपनी कोर्टात गेली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यानंतर असं बांधून ठेवणं १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मध्ये बसत नाही. मुदत चालू असताना मात्र बंधन चालतं, हे लक्षात ठेवा, म्हणून मुदतच छोटी हवी. आणि तुमच्या कागदात वाद झाला तर लवाद दुबईत असं लिहिलंय, म्हणजे हा सुप्रीम कोर्टाचा आधार घ्यायला तुम्हाला आधी भारतात यावं लागेल. ते बदलून नाशिक, फार तर मुंबई करून घ्या. यावर अडून बसा, खरंच.

आता फाइटच्या कागदाकडे येतो, पान तेरा. वजन ६१.२ किलो लिहिलंय. मुलगा ६३.५ ला खेळतो असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही पण त्याच्या सर्टिफिकेटच्या फोटोत दिसलं. ही टायपिंगची चूक समजू नका. प्रोमध्ये १४० पौंड म्हणजे ६३.५ आणि १३५ पौंड म्हणजे ६१.२, दोन वेगळे वजनगट आहेत. कोणाला तरी १३५ चा प्रतिस्पर्धी हवाय आणि तुमच्या मुलाला तिथे उतरवतायत, उपाशी राहून, पाणी तोडून. वर वजन जास्त भरलं तर पर्सच्या २० टक्के दंड, म्हणजे १२ हजार अजून गेले. आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे "नंतर कळवू" असं आहे.

मला खरी भीती इथे वाटते. प्रो बॉक्सिंगमध्ये प्रत्येक फाइटला एक घरचा कोपरा असतो आणि एक बाहेरचा. घरच्या कोपऱ्यातलं पोरगं प्रमोटरला मोठं करायचंय, तिकिटं त्याच्या नावावर विकली जातात, त्याचं रेकॉर्ड स्वच्छ ठेवायचंय. बाहेरच्या कोपऱ्यात जो येतो तो चांगला लढावा पण जिंकू नये अशी अपेक्षा असते. दोघांनाही ऑफर जाते, दोघांनाही कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. प्रमोटर तुमच्या मुलाला कोणत्या कोपऱ्यासाठी घेतोय ते भावावरून कळत नाही, उलट बाहेरच्या कोपऱ्याला पहिल्या फाइटचे जास्त पैसे मिळू शकतात. ते कळतं वजनावरून, किती दिवस आधी सांगितलं यावरून आणि समोर कोण आहे यावरून. नाव मागा. नाव मिळालं की बॉक्सरेक या वेबसाइटवर त्या माणसाचं रेकॉर्ड बघता येतं, किती फाइट, कुठे, कोणाशी. समोरचा पाच-शून्य असेल, म्हणजे पाच जिंकल्या आणि एकही हरला नाही, आणि दुबईतच खेळत असेल तर तुमचा मुलगा पाहुणा आहे. तरीही जायचं असेल तर जा, पाहुणे जिंकतातही, पण मग पैसे पाहुण्याचे घ्या आणि पाच वर्षांची सही देऊ नका.

पाहुणा जिंकला तर काय, ते पान चौदावर. मुलगा जिंकला तर त्याच्या पुढच्या दोन फाइटवर दुबईच्या आयोजकाचा ऑप्शन, म्हणजे हवं तर त्या फाइट आपल्याकडेच घ्यायचा हक्क, त्यांनी ठरवलेल्या पैशात. हे मोठ्या लोकांनाही सुटत नाही. २०१९ च्या १ जूनला न्यूयॉर्कला अँडी रुईझने अँथनी जोशुआला पाडलं, तो ऐनवेळी आला होता, आधी ठरलेला जॅरेल मिलर डोपिंग टेस्टमध्ये अडकला म्हणून. जिंकून जगज्जेता झाला, पण रीमॅचचं कलम आधीच सही केलेलं होतं, त्यामुळे परत जोशुआशीच, आणि तो सौदीला जायला नाखूष होता तरी ७ डिसेंबरला सौदीतच, आणि तिथे पॉइंटवर हरला. म्हणून ऑप्शन असेलच तर एकच, आणि त्याची पर्स आत्ताच लिहा, किमान दुप्पट.

बरं, तुमचा मुख्य प्रश्न, मागितलं तर ऑफर जाईल का. पहिली ऑफर ही बोलायला सुरुवात असते, त्याने जे पाठवलंय ते त्याच्या वकिलाने त्याच्या बाजूने लिहिलंय, तुम्ही काही बदल सुचवणार हे त्याने धरलेलं असतं. जो माणूस एक प्रश्न विचारला म्हणून ऑफर काढून घेतो तो पेमेंटच्या दिवशी कसा वागेल याचा विचार करा. हे मान्य की तुमच्या मुलाकडे ऑलिम्पिकचं नाव नाही. विजेंदरने २०१५ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्सबरी प्रमोशन्सबरोबर सही केली तेव्हा बीजिंगचं ब्राँझ त्याच्या गळ्यात होतं, निशांत देव पॅरिस ऑलिम्पिक खेळून मग मॅचरूम या प्रमोटर कंपनीकडे गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये थेट लास वेगासला उतरला. त्यांच्यासारखं बोलता येणार नाही. पण म्हणूनच पैशांवर कमी आणि अटींवर जास्त जोर लावा, कारण अट देताना प्रमोटरच्या खिशातून आज काही जात नाही, तो पटकन देतो.

यावर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९८७ ची आहे. शुगर रे लेनर्ड जवळपास तीन वर्षं रिंगच्या बाहेर होता आणि मार्विन हॅग्लरशी लढायचं होतं. हॅग्लरला मोठी पर्स हवी होती, चॅम्पियन होता तो. लेनर्डच्या बाजूने काय केलं, ठीक आहे, पैसे तू जास्त घे, पण पंधराऐवजी बारा राउंड, मोठी रिंग आणि दहा औंसचे ग्लव्हज. हॅग्लरला १२ मिलियन डॉलर, लेनर्डला ११. आता लेनर्ड पळणारा, पायावर खेळणारा, हॅग्लर दाबत दाबत येणारा, त्याला लहान रिंग आणि लांब फाइट हवी. लेनर्ड स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोन जजांच्या कौलावर, जिंकला, आजही लोक भांडतात कोण जिंकलं म्हणून, आणि त्या भांडणात कोणीही असलं तरी हे मान्य करतो की अर्धी फाइट टेबलवर झाली होती. तुमचं टेबल छोटं आहे पण टेबलच आहे. ६३.५ किलो, सहा आठवडे आधी, कोचचं तिकीट त्यांचं, हे मागणं साठचे सत्तर करण्यापेक्षा किती तरी मोठं आहे.

बोलताना फोनवर काही ठरवू नका. फोन आला तर "हो, ऐकलं, जरा लिहून पाठवा" एवढंच. मुलाला बोलू देऊ नका, त्याला लढायचंय त्यामुळे तो हो म्हणणारच, ते त्याचं वयच आहे. तुम्ही किंवा मामा, दोघांपैकी एकानेच बोला. आणि पाचशेच्या स्टॅम्पवर केलं की झालं असं समजू नका, स्टॅम्पवर लिहिलेली वाईट अट वाईटच राहते. नाशिकला सीबीएसजवळ कोर्टात कॉन्ट्रॅक्टचं काम करणारा एखादा वकील दोन तास बसवा, त्याला खेळातलं कळलं नाही तरी चालेल, त्याला माझं हे पत्र दाखवा, मुदत, लवाद आणि रिकूपेबल या तीन ठिकाणी बोट ठेवा.

पेमेंट कधी, हे तर कुठेच नाहीये कागदात! फाइटच्या रात्री, ड्रेसिंग रूम सोडायच्या आधी, किंवा निम्मे वजनाच्या दिवशी खात्यात आणि निम्मे फाइट झाल्यावर. आणि फाइट रद्द झाली, समोरचा आलाच नाही, तर मुलाला काय मिळणार, किमान निम्मे. आणि रिंगमध्ये लागलं तर हॉस्पिटलचा विमा प्रमोटरचा, आकड्यासकट. हे काकूंना वाचून दाखवा, त्यांना मी हे आधी सांगायला हवं होतं.

लिलावाचं विचारलंत, खरं आहे, त्याला पर्स बिड म्हणतात, पण ते वर्ल्ड टायटलच्या पातळीवर. चॅम्पियनला ठरलेल्या चॅलेंजरशी लढायला टायटल देणारी संघटना सांगते, दोघांच्या प्रमोटरना बोलायला ठरावीक दिवस देते, जमलं नाही तर बोली. लासलगावसारखी तोंडी नाही, बंद पाकिटात, एकदाच, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा शो. त्या आकड्याची वाटणी संघटना ठरवते, आयबीएफ नावाच्या संघटनेत साधारण ६५-३५. २०२२ च्या जानेवारीत टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइटच्या फाइटला प्रमोटर फ्रँक वॉरनने ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची बोली लावली, वाटणी ८०-२०, आणि त्यातले दहा टक्के जिंकणाऱ्याला बाजूला. गंमत बघा, बोली झाली की बॉक्सरला भाव मिळतो पण भाव सोडून बाकी काही मागायची जागा राहत नाही, म्हणून पुष्कळदा मोठे बॉक्सर बोलीच्या आधीच बोलून मिटवतात. तुमच्या मुलाला यात यायला बरीच वर्षं आहेत.

पोलीस भरतीचं. काकूंचं म्हणणं मला अजिबात जुनाट वाटत नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची सर्टिफिकेटं लागतात, ती तुमच्या मुलाकडे आहेत, राज्याची दोन गोल्ड आहेत. आधी क्रीडा विभागाच्या कार्यालयात जाऊन त्यांचं व्हेरिफिकेशन करून घ्या, प्रो झाला तरी तो कागद घरात असलेला बरा. नोकरीत लागून मग प्रो खेळायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, विजेंदर हरियाणा पोलिसात डीएसपी असताना प्रो झाला तेव्हा त्यालाही आला होता. मुलाला दोन वर्षं द्या असं मला वाटतं, पण कागद दोन वर्षांचाच असेल तर. पाच वर्षांच्या कागदात भरतीच्या वयातली बरीच वर्षं निघून जातील, म्हणजे काकू जे म्हणतायत आणि मी जे म्हणतोय ते एकाच ओळीवर येऊन थांबतं, मुदतीच्या.

उद्या सकाळी हा मेसेज पाठवा, मराठीत पाठवला तरी चालेल, व्हॉट्सॲपवरच पाठवा म्हणजे तारीख राहते:

"नमस्कार साहेब. ऑफरबद्दल आभार, मुलाची तुमच्याबरोबर काम करायची इच्छा आहे. कागद वकिलांकडे दिला आहे, त्यांना दहा दिवस लागतील. तोपर्यंत दुबईच्या फाइटसाठी प्रतिस्पर्ध्याचं नाव, वजन ६३.५ होऊ शकतं का, आणि मेडिकल व कोचच्या तिकिटाचा खर्च कोणाकडे, एवढं लिहून कळवा. मॅनेजर आम्ही आमचा ठेवू. फाइटचा कागद आधी करू, पाच वर्षांचं फाइट झाल्यावर समोरासमोर बसून बोलू."

उत्तर काय येतं ते मला पाठवा. दहा दिवस नाही म्हणाला तर तेही पाठवा. आणि मुलाला सांगा, वजन ६१.२ ला उतरवायला सुरुवात केली असेल तर आजपासून बंद, रात्री नीट जेवायचं.